शेपटीचं आमलेट आणि मी

मित्रांनो, हातभर लांब, बोटापेक्षा अरुंद आणि दिसायला अगदीच साधी अशी मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. मला डिपस्टिक म्हणतात. एका म्हाताऱ्या डिझेल गाडीच्या इंजिनात माझं घर आहे. इंजिनाच्या तळाशी एक पसरट भांडं असतं, त्यात त्याचं तेल साठतं. एका बारीक नळीतून मी त्या काळोखात उतरते, तेलात पाय बुडवते आणि कुणी वर ओढलं की तेल कुठवर आहे ते दाखवते. माझ्या टोकाजवळ दोन खाचा आहेत. तेल खालच्या खाचेखाली गेलं तर इंजिनाचे हाल, आणि वरच्या खाचेवर चढलं तरीही हालच! आयुष्यभर मी हेच एक काम केलं, पण इमानाने केलं. म्हणून तर ज्या दिवशी मला खोटारडी ठरवलं गेलं, तो दिवस मी विसरू शकत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. दोन ठोके पडले, दोन खाचा उमटल्या, डोक्यावर पिवळी कडी बसली आणि मी कामाला लागले. तेव्हा आमची गाडी फिरता दवाखाना होती. तिचा चालक रोज सकाळी मला ओढायचा, पुसायचा, पुन्हा बुडवून बघायचा आणि "शाब्बास!" म्हणायचा. ते कौतुक गाडीचं असेल, पण मी आपली ते स्वतःकडे घ्यायची. मग दवाखान्याला नवी गाडी मिळाली आणि आम्ही एका शेडमागे पडून राहिलो. माझ्या कडीवर कोळ्याने घर बांधलं. कुणी वर ओढेल म्हणून मी वाट बघत राहिले.

शेवटी चिऊचे बाबा आले आणि गाडी घेऊन गेले. त्यांनी गाडीत झोपायच्या दोन फळ्या, घडीचं टेबल आणि छोटी शेगडी बसवली. आई आणि चिऊ पडदे शिवायला बसल्या. चिऊ म्हणजे त्यांची मुलगी. प्रत्येक गोष्टीला "असं का?" विचारते, म्हणून बाबा तिला "चौकशी खातं" म्हणतात. आम्ही नद्यांकाठी राहिलो, डोंगरांवर राहिलो. काय मजेचे दिवस होते ते!

पुढे त्यांनी चढावरच्या रस्त्यावर नवं घर घेतलं. गाडी अंगणात, घराकडे तोंड करून उभी राहू लागली. सहली कमी झाल्या, पण रविवार मात्र ठरलेला. आई गाडीतल्या शेगडीवरच आमलेट करायची आणि बाबा मला बाहेर काढून तेल बघायचे. अगदी नियमाने हं! इंजिन थंड असताना, मला पुसून, दोनदा बुडवून. आणि दर वेळी तेल खालच्या खाचेखाली! बाबा तेल ओतायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्यातच गाडी निळा धूर सोडायला लागली.

"काय हो, डास मारायचं यंत्र घेतलंत का?" शेजारी विचारायचे.

बाबा कसनुसं हसायचे. एका रविवारी मात्र ते म्हणाले, "गाडी तेल पितेय. इंजिन उघडायची वेळ आली असेल, तर आपल्याला ते झेपणार नाही. मग ती भंगारात द्यायची."

चिऊचा घास हातातच राहिला. गाडी भंगारात म्हणजे मीही भंगारात!

शेवटची आशा म्हणजे आत्याचं गॅरेज. आई, बाबा, चिऊ, सगळेच गाडीत बसून तिकडे निघाले. आत्या बाबांची थोरली बहीण. तिच्या गॅरेजची फरशी इतकी सपाट, की गोटी ठेवली तर जागची हलत नाही.

"आलास?" ती म्हणाली. "धूर केव्हाच पोचला, तू मागून आलास."

"ताई, थट्टा नको. इंजिनातल्या कड्या गेल्यात का एवढं सांग."

"बघितल्याशिवाय सांगायला मी काय ज्योतिषी आहे?"

आणि तपास सुरू झाला! आत्याने गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवला आणि इंजिन चालू ठेवलं. पुठ्ठ्यावर थेंबसुद्धा पडला नाही. म्हणजे तेल गळत नव्हतं. मग तिने दाब मोजायचं यंत्र काढलं. पिस्टनभोवतीच्या कड्या झिजल्या, की तेल त्यांच्या फटीतून वर जाऊन जळतं, आणि अशा कड्यांना दाबही धरता येत नाही. चारही सिलिंडर एकेक करून मोजायचे होते. आकडा वाचायला चिऊ पुढे. पहिला चांगला! दुसरा तसाच! तिसरा! चौथाही तितकाच!

"कड्या ठणठणीत आहेत," आत्या म्हणाली.

"मग तेल का जळतं?" चौकशी खात्याने विचारलं.

आत्याने इंजिनाच्या उच्छ्वासाची नळी काढली. आतली कोंदट हवा या नळीतून जाऊन पुन्हा इंजिनातच जळते. नळी उलटी करताच तिच्यातून तेल टपटप गळलं. "चोर सापडला! तेल इथून जातंय." तिने तेल खाली बसू दिलं आणि मला वर ओढलं. तेल वरच्या खाचेच्या बोटभर वर होतं!

"अरे वेंधळ्या, इतकं तेल ओततात? ते आत घुसळलं जातंय, त्याचा फेस होतोय आणि या नळीत चढतोय!"

"शक्यच नाही! आज सकाळी खालच्या खाचेखाली होतं. म्हणून तर लिटरभर घातलं."

"लिटरभराने एवढं चढत नाही."

"मग ही पट्टीच खोटारडी!" बाबा वैतागले. "जाऊ दे ताई. कशाकशाच्या मागे लागायचं? देऊन टाकू गाडी." आणि त्यांनी मला शेगडीशेजारच्या ओट्यावर टाकून दिलं.

सकाळी मी खरं सांगितलं होतं आणि आत्ताही खरंच. पण मला तोंड कुठे होतं?

एव्हाना सगळ्यांना भूक लागली होती. आईने तिथेच अंडी फोडली. तव्यावर आमलेट पसरलं आणि चिऊ ओरडली, "आई! माझी शेपूट कुठाय?"

"कसली शेपूट?" आत्याने विचारलं.

"आमच्याकडे आमलेटला एका बाजूला शेपूट येते. कुरकुरीत. ती माझी असते. हे बघ, आज नुसतं गोल!"

आत्याचा घास तोंडाशीच थांबला. "कुठल्या बाजूला येते?"

"मागच्या दाराकडे. दर वेळी तिकडेच."

"आणि अंगणात गाडीचं नाक?"

"घराकडे. म्हणजे चढाकडे, वर..." म्हणता म्हणता बाबांनी कपाळावर हात मारला.

"थांब. कळलं म्हणून भागत नाही, बघायला हवं." आत्याने पुढच्या चाकांसमोर फळ्या रचल्या. बाबांनी गाडी त्यांवर चढवली. सगळे तेल बसायची वाट बघत उभे राहिले, आणि मग चिऊने मला स्वतःच्या हाताने आत सोडलं.

मित्रांनो, मी उतरत गेले, उतरत गेले, पाय बुडवायला गेले, तर माझ्या नळीखाली, भांड्याच्या पुढच्या टोकाला, तेल जेमतेम! बाकीचं सगळं मागच्या कडेला जाऊन बसलेलं, थेट आमलेटच्या शेपटीसारखं!

"खालच्या खाचेखाली!" चिऊ नाचायला लागली. गाडी फळ्यांवरून उतरवली, सगळे थोडं थांबले, पुन्हा मोजलं. वरच्या खाचेच्या वर! बाबांनी मला पुसलं, नेहमीपेक्षा जरा हळूच. "हिची काही चूक नाही," ते म्हणाले. "मीच उतारावर उभा राहून विचारत होतो."

"आणि काळजी म्हणून पाजत होतास," आत्या म्हणाली. आई इतकी हसली, की तिच्या हातातला चमचा खाली पडला.

जास्तीचं तेल काढलं, नळी धुतली. परतताना आधी थोडा धूर निघाला, मग विरळ झाला, मग नाहीच. चिऊ मागच्या काचेला नाक लावून दर वळणावर ओरडत होती, "स्वच्छ! अजून स्वच्छ!" त्या दिवसापासून भंगाराचा विषय कुणी काढला नाही. पुढच्याच सुट्टीत आम्ही समुद्रावर निघालो.

मुलांनो, माझ्यासारख्या साध्या वस्तूंना पुसा, जपा. पण आमचं उत्तर विचित्र वाटलं, तर आम्हाला फेकण्याआधी एकदा पायाखालची जमीनही बघा. आम्ही असतो तिथलंच सांगतो.

अंगण अजून उताराचंच आहे. आत्याने मागच्या चाकांखाली घालायला दोन जाड फळ्या दिल्यात. पण रविवारी त्या आधी लावायच्या नाहीत, अशी चिऊची सक्त ताकीद आहे. आधी आमलेट होतं. तिची शेपूट तिच्या पोटात जाते. मग फळ्या, आणि मग मी.