पायजम्यावरचा कोट

मी मुलाखतीचा कोट बोलतोय. गडद निळा, दोन बटणांचा. शिंपी माझ्या मालकिणीचं माप घेत होता तेव्हाच तिच्या बाबांनी बजावलं होतं, "खांदे जरा भारदस्त ठेवा. मोठ्या मॅनेजमेंट कॉलेजात जायचंय तिला."

मालकीण गाद्यांच्या कारखान्यात ऑर्डरी सांभाळायची. प्रवेशपरीक्षेत तिला बरे गुण होते. म्हणजे शेजाऱ्यांना सांगण्याजोगे, पण बाबांच्या स्वप्नाला न पुरणारे. तरी बाबांनी फतवा काढला, "अर्ज पहिल्या तीन कॉलेजांतच. चौथ्याचं नाव या घरात नको!"

तिन्ही कॉलेजांनी मुलाखतीला बोलावलं नाही. मी वर्षभर कपाटात एका जाड्या स्वेटरशेजारी घुसमटत राहिलो. मालकीण दार उघडायची, माझ्याकडे बघायची आणि दुसरंच काहीतरी काढायची. फार लागायचं ते बघणं.

पुढच्या वर्षी बाबांनी पुन्हा तीच तीन नावं काढली. आई भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "लग्नाच्या वेळी मीही पहिल्या तिघांवरच अडून बसले असते, तर तुमचा नंबर लागला असता का?"

बाबांनी चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

मग मालकिणीनेच सूत्रं हाती घेतली. वेगवेगळ्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांना फोन केले, त्यांचे गुण आणि आपले गुण ताडून पाहिले. दोन कॉलेजं आवाक्याबाहेरची निवडली, तीन तोलामोलाची आणि एक जवळजवळ नक्की मिळणारं. आता बाबा दुसऱ्या टोकाला गेले. "आणखी चार सोपी टाक की!"

"मिळालं तरी जिथे जाणार नाही, तिथे अर्ज कशाला, बाबा?"

तोलामोलाच्या एका कॉलेजाने मुलाखतीला बोलावलं, तेही कॉम्प्युटरवर. वर मी आणि खाली सशांच्या चित्रांचा पायजमा! आयुष्यातली पहिली कामगिरी आणि जोडीला ससे. त्यात वाऱ्याने पडदा उडून तिच्या तोंडावर आला. खिडकी लावायला ती उठली आणि ससे जगजाहीर झाले.

पलीकडून एक सर म्हणाले, "हे काय?"

मालकीण लाल झाली, पण डगमगली नाही. "वेळ कमी होता, सर. कॅमेऱ्यात येणारा भाग आधी उरकला. कारखान्यातही मी तातडीच्या ऑर्डरीच आधी काढते."

सगळे खो खो हसले. मग गाद्यांवर एवढे प्रश्न विचारले, की ती मुलाखत आहे हेच विसरली. माझ्या आतून तिचे खांदे सैल पडलेले मला कळले.

आवाक्याबाहेरच्या दोन्ही कॉलेजांनी नकार कळवला. मुलाखत घेतलेल्या कॉलेजात मात्र प्रवेश मिळाला. बाबा पेढ्यासारखं गोड तोंड करून जिना उतरले. शेजाऱ्याने विचारलं, "कितव्या नंबरचं कॉलेज?" बाबा म्हणाले, "तिला हवं होतं ते!"

पहिल्या दिवशी वर्गात कोट घालून आलेली ती एकटीच. शिकवणाऱ्या बाईसुद्धा साध्या सुती कपड्यांत. तिने मला गुपचूप काढून चाकांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं. तेव्हापासून माझा मुक्काम तिथेच. शिकवलेलं मला ओ की ठो कळत नाही, पण ती हात वर करून भांडते तेव्हा मी ताठ होतो.

एवढंच मागणं आहे मालकीणबाई, भांडायला उठताना खुर्ची जरा जपून सरकव. बाही चाकाखाली येते.