अंगठ्याखालचा ठिपका

मी ठिपका बोलतोय. आलेखावरचा, उजव्या कोपऱ्यातला, अगदी वरचा. हसू नका. दिसतो टाचणीच्या टोकाएवढा, पण माझ्यामागे एक अख्खी दीर्घिका उभी आहे. तिचा उजेड निघाला तेव्हा तुमची पृथ्वीसुद्धा जन्मली नव्हती. तिच्या पोटातलं कृष्णविवर भोवतालचा वायू अधाशासारखं गिळतं, आणि आत पडता पडता तो वायू तापून लखलखतो. त्याच दीर्घिकेत नवे तारेही धडाधड जन्मतात. दोन्ही एकाच वेळी. इथेच माझं नशीब फुटलं.

कारण हा आलेख ज्यांच्या संशोधनाचा, त्या मोठ्या सरांचं मत आधीच ठरलेलं. कृष्णविवर पेटलं की वायू उधळतो आणि तारे जन्मायचे थांबतात. त्यांच्या आलेखावर विवराचा उजेड वाढत जातो तशी ताऱ्यांची रेघ कशी झोकात खाली उतरते. मी तिच्या डोळ्यात खुपतो.

म्हणून त्यांनी एक चाळणी लावली. मध्यभाग लखलखीत आणि तारेही फार, अशी दीर्घिका दिसली की ‘हे तारे नव्हेत, मधल्या उजेडाची भेसळ’ म्हणायचं आणि फेकून द्यायची. मी आणि माझी सगळी भावंडं अशीच बाहेर गेलो. मग उरलेल्यांकडे बोट दाखवून सांगायचं, बघा, दोन्ही एकत्र कुठे आढळतच नाहीत. अहो, आढळणार कशी? दारातून हाकलायचं आणि वर म्हणायचं, पाहुणे आलेच नाहीत. चोर तो चोर, वर शिरजोर.

मला परत आणलं त्यांच्या विद्यार्थिनीने. तिला सगळे घोरपड म्हणतात. एकदा चिकटली की सुटत नाही. तिने मधला उजेड वेगळा काढला, ताऱ्यांनी तापवलेल्या धुळीचा वेगळा. मधला पुरता वजा केला तरी तारे उरलेच, भरपूर. तिने आम्हाला आपापल्या जागी बसवलं आणि छापील आलेख सरांच्या हातात दिला.

सरांनी कागद धरला तो नेमका आमच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून.

“रेघ छान आहे की. वरचे चारदोन उपद्रवी तेवढे काढून टाक.”

“चारदोन नाहीत, सर. वायू एकच आहे. विवर त्यातूनच खातं, तारेही त्यातूनच होतात. एका चुलीवर दोन भांडी.”

“तुझी पदवी माझ्या सहीवर आहे, विसरू नकोस.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एवढी वाट तुडवून आलो ते या घामट अंगठ्याखाली मरायला?

घोरपडीने त्यांच्या हातातून कागद काढून घेतला. “मग लेखातून माझंही नाव काढा, सर. हे ठिपके नाहीत तिथे मी नाही.”

सरांनी खरंच काढलं. लेख छापायला गेला, सरळ रेघेसकट. तिची पदवी अजून अडलेली आहे. मी तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटपट्टीने लटकतोय, अंगावर सरांच्या अंगठ्याचा डाग घेऊन. तो पाहिला की अजून डोकं फिरतं.

उद्या तुमच्याही हातात असा आलेख येईल. रेघ किती सरळ आहे ते मागाहून बघा. आधी अंगठा उचला.