मागचं डावं चाक

माणसानं गाडी चालवावी तर नीट चालवावी. सोनक्लिनचा जावई खामफाय गाडी चालवायचा कमी आणि थांबवायचा जास्त. दर दोन-तीन मैलांवर खाली उतरायचा, मागच्या चाकापुढे उकिडवा बसायचा आणि तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा चाकावर हात ठेवायचा. तेवढ्यावर भागलं असतं तरी तिनं सोसलं असतं. पण नाही. मग कमरेची सुरी काढून तिच्या दांड्यानं चाकाचा एकेक नट ठोकायचा, मान वाकडी करून ऐकायचा, आणि सीटमागचा पाना आणून त्याच्यावर दोन्ही पायांनी उभा राहून नाचायचा. जाणारे-येणारे बघत राहायचे. बाग सोनक्लिनची, पिकअप सोनक्लिनची, आणि तमाशा ह्याचा.

"जावई म्हणून आणला आणि वैदू निघाला," ती मुलीला म्हणायची. "विचार गं त्याला, चाकाला खोकला झालाय की जुलाब?"

फयोम हसायची. सातवा महिना होता, हसली की पोट धरायची. "आई, तो उगाच नाही करत."

"उगाच नाही तर काय! भित्रा आहे. बैलगाडीच्या मुलखातून आलाय, रबरी चाक बघितलं की त्याच्या पोटात गोळा येतो."

खामफाय ईसानच्या, ईशान्येकडच्या कोरड्या मुलखातला. दुरियन फळांच्या तोडीला म्हणून चांथाबुरीच्या डोंगरात आला होता. झाडावरचा गडी फळ कापून सोडतो आणि खालचा गडी ओल्या गोणपाटात ते झेलतो. काट्यांचं, पाच-सहा शेराचं धूड. चुकलं तर फळही गेलं आणि पायही गेला. खामफायच्या हातून दोन हंगामांत एकही फळ सुटलं नाही. फयोमही सुटली नाही, असं सोनक्लिन चारचौघांत म्हणायची. लग्न झालं आणि तो रीतीप्रमाणे मुलीच्या घरी राहायला आला, आंबवलेल्या मासळीची बरणी बगलेत घेऊन.

एक गोष्ट मात्र तिनं त्याला आपण होऊन शिकवली होती. दुरियन पिकलं की कच्चं, हे वरून दिसत नाही. सुरीच्या दांड्यानं ठोकायचं आणि ऐकायचं. कच्चं दगडासारखं टणक वाजतं, तयार फळ आतून मोकळं वाजतं, आणि किडकं असलं तर बद्. सोनक्लिन शाळेत दोनच पावसाळे गेली होती, पण त्या खोऱ्यात तिच्यासारखा कान नव्हता. शहरातले व्यापारी म्हणायचे, सोनक्लिनमावशीनं ठोकलंय ना, मग फोडून बघायची गरज नाही. तीस वर्षांत तिचा शब्द खोटा पडला नव्हता. पोटच्या पोरीला तो कान नव्हता. परक्या मुलखातल्या ह्या पोराला होता. ह्याचा तिला अभिमानही होता आणि रागही.

गाडीचं रडगाणं रंगापासून सुरू झालं. जुनी घेतलेली पिकअप हिरवी निघाली. सोनक्लिनचा जन्म शनिवारचा, आणि शनिवारच्या माणसाला जांभळा तारतो नि हिरवा म्हणजे वैरी, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाडी दारात आली त्याच आठवड्यात तिच्या टपावर फळ पडून खड्डा पडला. दुसऱ्या आठवड्यात सोनक्लिन मागच्या पायरीवरून घसरली.

खामफायनं बाजारातून एक स्टिकर आणला. लोक लावतात तसलाच. 'ही गाडी जांभळी आहे.'

"काय लिहिलंय?" सोनक्लिननं विचारलं. त्यानं वाचून दाखवलं.

"गाडी हिरवी आणि कागद म्हणतो जांभळी! हे कुणाला फसवायचं?"

"सगळे लावतात, आई. ग्रह वाचतो आणि समजून घेतो."

"ज्यांचा ग्रह शिकलेला असेल त्यांचं चालेल. माझा माझ्यासारखाच असणार, अक्षरशत्रू. त्याला रंगच दाखवावा लागेल."

अख्खी गाडी रंगवायची म्हणजे गॅरेजवाल्याचं घर भरायचं. तिनं चाकं रंगवायची ठरवली. चारही चाकं काढून अंगणात मांडायला लावली, फाटकाला लावतात तो घट्ट जांभळा ऑइलपेंट आणला आणि ब्रश घेऊन स्वतः बसली. तीन हात दिले. पुढून दिले, मागून दिले, नटांच्या भोकांत बोट घालून दिले. नटसुद्धा डब्यात बुडवून काढले.

खामफाय तिच्यापुढे उभा राहून हात चोळत होता. "आई, जिथे नट बसतात तिथे रंग नको. आणि मागच्या बाजूला, जिथे चाक गाडीला टेकतं, तिथे तर नकोच. लोखंडाला लोखंड लागायला पाहिजे. मधला रंग दबतो, झिजतो, आणि नट सैल होतात."

"देव मागची बाजू बघत नाही का? अर्धं काम चोर करतो. मी नाही."

स्टेपनी गाडीच्या पोटाखाली लटकत होती, काळी, गंजलेली. तेवढी मात्र तिनं सोडली. इतकं खाली वाकून कुठला ग्रह बघतोय!

चाकं बसली. भिक्षूंनी मंत्र म्हणून स्टिअरिंगवर तीन पांढरे ठिपके दिले. आणि तिसऱ्या दिवसापासून जावयाचं ते नाचणं सुरू झालं. आवळलेले नट दुसऱ्या दिवशी पुन्हा सैल. पुन्हा आवळले की पानाखालून जांभळे टवके उडायचे. एका गुरुवारी तो चिखलाच्या बुटांनी पानावर नाचताना तिनं पाहिलं आणि तिचं डोकं फिरलं.

"मंतरलेल्या चाकावर पाय! उतर आधी!" तिनं पाना हिसकावून घेतला आणि आपल्या कपाटात, चांदीच्या वाडग्याशेजारी ठेवून कुलूप घातलं. किल्ली कमरेला.

शुक्रवारी तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. आत आला नाही. "आई, मागचं डावं चाक बद् वाजतंय. माझ्यावर विश्वास नसेल तर तुम्ही एकदा ऐका."

ती गेली. सगळ्यांसमोर गेली. तोडीचे गडी बघत होते. त्याच्या हातातून सुरी घेतली, वाकली आणि ठोकलं. पहिला नट. दुसरा. तिसरा.

बद्.

आतून किडलेल्या फळासारखा. तिच्या कानानं ते हातापर्यंत पोचवलं, हातानं छातीपर्यंत. ती उठली, सुरी त्याला परत दिली.

"मला तर ठणठणीत वाजतंय," ती म्हणाली.

खामफायनं तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यानंही तेच ऐकलं होतं, तिनंच शिकवलेल्या कानानं. मान खाली घालून सुरी म्यान केली. तीस वर्षांत ठोकून दिलेला तिचा पहिला खोटा शब्द होता तो, आणि हे त्या अंगणात दोघांनाच ठाऊक होतं.

सोमवारी फयोमची तपासणी होती, खाली शहरात. त्याच दिवशी व्यापाऱ्याचे लोक तोडीला येणार होते. खामफाय म्हणाला, मी गाडी चालवतो. सोनक्लिन म्हणाली, झेलायला तुझा बाप येणार आहे का? तो म्हणाला, मग पाना तरी द्या, निघण्याआधी एकदा आवळतो. ती म्हणाली, "आल्यावर बघू."

फयोम चालवायला बसली, पोट स्टिअरिंगला टेकत होतं. सोनक्लिन तिच्या डावीकडे. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा तिनं आरशात बघितलं. खामफाय अंगणाच्या मधोमध उभा होता, हातात रिकामं गोणपाट.

डोंगराचा रस्ता खाली उतरतो तो डाव्या अंगाला दरी धरून. पहिल्या दोन वळणांपर्यंत काही नव्हतं. मग तिच्या सीटच्या मागून, खालून, आवाज यायला लागला. टायरात खडा अडकल्यासारखा. टक्. चाक फिरलं की टक्.

"आई, काही वाजतंय का गं?" फयोमनं विचारलं.

"नाही."

"तुला तर लगेच ऐकू येतं म्हणून विचारलं."

"म्हटलं ना, नाही."

टक्-टक्. उतारावर गाडीनं वेग घेतला आणि आवाजानंही. सोनक्लिनचा डावा हात दाराच्या कडीवर गेला. थांबव म्हणायला एक शब्द पुरत होता. पण तो शब्द घेऊन घरी परत जायचं होतं. अंगणातून, गड्यांच्या समोरून, त्याच्या समोरून. पुढच्या वळणावर सांगते, असं तिनं ठरवलं. ते वळण गेलं. त्याच्या पुढच्या वळणावर सांगते.

देवळीचं वळण आलं. तिथे डोंगराच्या राखणदार देवाच्या छोट्या घरापुढे लाल सरबताच्या बाटल्या ठेवलेल्या असतात आणि सगळे भोंगा वाजवून जातात. फयोमनं तीनदा वाजवला. तिसरा भोंगा संपता संपता गाडीच्या पोटाखाली काहीतरी ठण्णकन आपटलं आणि टुणटुणत मागे गेलं.

"दगड उडाला," फयोम म्हणाली.

दगड असा वाजत नाही. दगड कसा वाजतो, लोखंड कसं वाजतं, हे सोनक्लिनला झोपेतही कळलं असतं. आता टक् राहिलं नव्हतं. आता खालून कण्हल्यासारखं येत होतं, आणि सीट हलत होती, डावीकडे, उजवीकडे, झोपाळ्यासारखी, अगदी हळू.

फयोमनं एक हात स्टिअरिंगवरून काढून पोटावर ठेवला. "आज फार लाथा मारतंय बाळ. त्यालाही ही गाडी आवडलेली दिसत नाही." आणि हसली.

"थांबव," सोनक्लिन म्हणाली.

"एवढा उतार संपला की..."

"आत्ता. दरीकडे नको घेऊस. उजवीकडे, डोंगराला घासून घे. ब्रेकवर जोरात पाय देऊ नकोस. हळू, पोरी. हळू, माझे आई."

तिनं मुलीला असं कधी म्हटलं नव्हतं. त्यानंच फयोम घाबरली. गाडी डोंगराच्या मातीला लागून उभी राहिली, आणि राहताना मागची डावी बाजू कण्हून एका अंगाला कलली.

सोनक्लिन खाली उतरली. चाकापुढे उकिडवी बसली आणि तिनं चाकावर हात ठेवला. चटका बसला. तरी काढला नाही.

सहापैकी दोन नट नव्हतेच. एक बोल्ट मुळाशी तुटला होता, त्याचा नट तुटक्या तुकड्यासकट भोकात अडकून राहिला होता. उरलेले तीन तिनं चिमटीत धरले तर बाटलीच्या बुचासारखे फिरले. गोल भोकं घासून घासून लांबट झाली होती, माशाच्या तोंडासारखी. तिनं बोट घालून दिलेला रंग जांभळी भुकटी होऊन लोखंडाच्या काळ्या चिकाबरोबर खाली ओघळला होता. चाक आणि गाडी यांच्यामध्ये तिचे तीन हात कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटून लोंबत होते. रस्ता पुढे वीस पावलांवर वळत होता, आणि त्या वळणाला कठडा नव्हता.

"काय झालंय, आई?" फयोम आतून म्हणाली.

"तू उतर आणि त्या दगडावर बस. दरीकडे बघू नकोस."

मोटरसायकल आधी ऐकू आली, मग दिसली. खामफायचा सदरा उलटा होता. मागे शेजाऱ्याचा पाना दोरीनं बांधलेला. तो आधी बायकोजवळ गेला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला आपली पाण्याची बाटली दिली. मग सासूपुढे येऊन खिशातून मूठ काढली आणि उघडली. दोन जांभळे नट.

"एक देवळीच्या वळणावर मिळाला, एक त्याच्या जरा अलीकडे," तो म्हणाला. "जांभळे होते म्हणून लांबून दिसले."

टोमणा असता तर तिनं परतवला असता. टोमणा नव्हता.

तो कामाला लागला. जॅक लावला, स्टेपनी काढली, ती काळी, गंजलेली. सुरीनं खरवडून खरवडून गाडीकडच्या लोखंडाला चिकटलेला जांभळा रंग काढला, नटांची तोंडं खरवडली. तुटलेल्याचा नट तुकड्यासकट बाहेर पाडला. पाच बोल्ट, पाच नट. समोरासमोरचे धरून आवळले आणि पानावर उभा राहिला. ह्या खेपेला बूट काढून, अनवाणी. सोनक्लिनला ते दिसलं.

"सुरी दे," ती म्हणाली.

ती वाकली आणि एकेक नट ठोकला. पाचही स्वच्छ वाजले. मग ती गाडीला फेरी मारून उरलेल्या तीन चाकांशी गेली. पुढची दोन ऐकली. उजव्या मागच्याशी थांबली. एकदा ठोकलं, दोनदा ठोकलं.

"हे बद् आहे," ती मोठ्यानं म्हणाली, दगडावर बसलेल्या मुलीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "पुढचं एक जरासं. दोन्ही आवळ. घरी गेल्यावर चारही चाकं उतरव, आतला रंग खरवडून काढ."

खामफायनं आवळलं. घाम पुसत उठला. "चुकलंच माझं, आई. मी सकाळीच तुमच्याबरोबर..."

"चुकलंच!" सोनक्लिन म्हणाली. तिनं सुरी दोन्ही हातांनी धरली. "तोंड वर कर आणि ऐक. तुझा कान खरा होता आणि ते तुला ठाऊक होतं. मी शुक्रवारी खोटं बोलले, तेही तुला ठाऊक होतं. तरी चार दिवस माझ्या कपाटासमोरून मुकाट ये-जा केलीस, का तर म्हणे सासू आहे. माझं कपाट फोडायला हवं होतंस, मेल्या! पुन्हा कधी मी पाना कुलपात घातला आणि तू कपाट फोडलं नाहीस, तर त्याच दिवशी तुझी ती मासळीची बरणी उचल आणि चालता हो."