मंजुळाच्या पायातली गाठ आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. पिवळी पडलेली, पण लाजणारी नाही. मला कॅथेटर म्हणतात. अंगाने मी शेवयीएवढी, टोकाला रबराचा इवलासा फुगा. शिरेत रक्ताची गाठ अडकली की मी आत शिरते, गाठीच्या पलीकडे जाऊन फुगते आणि तिला ओढत बाहेर आणते.

१९८६ साली मी बोईसरच्या एका लहान इस्पितळात होते. एके सकाळी दातिवऱ्याहून मंजुळाला टेम्पोतून आणले. बाराव्या दिवसाची बाळंतीण. इतके दिवस तिला खाटेवरून उतरूच दिले नव्हते. दोन दिवसांपासून डावा पाय मांडीपर्यंत सुजून निळा पडला होता, आणि सासू काशीबाई टेम्पोतही तो तेलाने चोळतच होती.

"चोळू नका!" डॉक्टर कमलाकांत ओरडले. "आत गाठ आहे. सुटली तर फुप्फुसात जाईल. जीव जाईल पोरीचा."

"आमी समद्या बालंतिनींना चोलतो. कोन मेली नाय," काशीबाई म्हणाली. मग डॉक्टरांच्या हातात मला पाहून हसली. "ह्ये गांडूल पाय वाचवनार?"

राग आला हो मला! त्यात नवसी सिस्टर पुटपुटली, "जुनी झालीये, फुगा फुटेल." दुसरी मुंबईहून यायला दोन दिवस. पायाला तेवढा वेळ नव्हता.

"करा तुमी," मंजुळाच म्हणाली. "पोरीला घेऊन चालायचं हाय मला."

जांघ बधिर केली. छोट्या छेदातून मी शिरले. ओढताना गाठ वर निसटू नये म्हणून नवसी म्हणाली, "श्वास रोख. बाळंत होताना लावलास तसा जोर लाव!"

"आता परत? बारा दिसांत?" मंजुळा कण्हली, आणि तिने जोर लावला.

पहिल्या खेपेला काहीच आले नाही. दुसऱ्या खेपेला फुगा ताणून ताणून पातळ झाला. पण फुटले नाही मी! वीतभर काळी गाठ घेऊनच बाहेर आले. संध्याकाळपर्यंत पायाचा निळेपणा ओसरला. काशीबाईने तेलकट हात पदराआड घेतले.

पुढच्या वर्षी तीच शेजारच्या बाळंतीण जिवलीला घेऊन दारात उभी. "एकच पाय सुजलाय. हात नाय लावला, डाक्टर."

आता मला कुणी वापरत नाही. टाका खुशाल. पण मित्रांनो, घरातल्या बाळंतिणीचा एकच पाय सुजला, दुखला, तर मोठ्यांपुढे उभे राहा. म्हणा, चोळू नका, दवाखान्यात चला. ओरडा बसेल. बसू दे.