संशयी कॅलिपर

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. माझा धंदाच तसा आहे. वस्तू दोन जबड्यांत धरायची आणि तबकडीवरच्या काट्याने तिचं माप सांगायचं. "दहा मिलिमीटर असेल," असं माणसं म्हणतात. हे 'असेल' ऐकलं की मला शंका येते.

मला भोसरीच्या एका दुकानातून दयानंदने घेतलं. तो गुहागरकडचा, टूलरूममध्ये फिटर होता. २०११ साली तो नोकरीसाठी ओमानला निघाला तेव्हा मी त्याच्या बॅगेत होतो. विमानतळावर एका अधिकाऱ्याने मला दोनदा उघडून मिटून पाहिलं. त्याला माझा संशय आला होता आणि मला त्याचा.

ओमानमध्ये बौशरला डोंगराच्या पायथ्याशी एक नेमबाजीचा क्लब होता. तिथे खेळाडूंसाठी काडतुसं हाताने भरायची परवान्याची खोली होती आणि ती दयानंदच्या ताब्यात होती. पितळी पुंगळीत दारू मापून घालायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. खरा प्रश्न असायचा तो काडतुसाच्या एकूण लांबीचा, म्हणजे गोळी किती आत दाबायची याचा. काडतूस लांब राहिलं तर पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये अडकतं किंवा गोळीचं नाक नळीच्या आतल्या खाचांना टेकतं. आखूड झालं तर दारूला जागा कमी पडते आणि दाब भलताच वाढतो. मग पिस्तूल फुटू शकतं, आणि ते कोणाच्या तरी हातात असतं. म्हणून प्रत्येक काडतूस माझ्या जबड्यांतून जायचं.

२०१६ च्या उन्हाळ्यात क्लबात नव्या, चपट्या नाकाच्या गोळ्या आल्या. त्याच सुमारास लोकेशही आला. तो अल् खुवैरच्या एका कंपनीत इंजिनिअर होता आणि शुक्रवारी हौसेने मदतीला यायचा. मला तो मुळीच आवडला नाही. प्रश्न फार विचारायचा आणि मला न विचारता उचलायचा.

"काका, इंटरनेटवर या गोळीची लेंग्थ दिलीय," पहिल्याच दिवशी तो म्हणाला.

"ती कोणाच्या पिस्तुलाची? आपल्या नळीला विचार," दयानंद म्हणाला.

त्याने बिनदारूचं एक नमुना काडतूस केलं आणि पिस्तुलाची नळी सुटी काढून तिच्यात सोडलं. जुन्या लांबीला ते अडलं, बोटाने फिरेना. मग गोळी जराजराशी आत दाबत तो पुन्हा पुन्हा सोडून बघत राहिला. शेवटी ते टक्‌ करून बसलं, मोकळं फिरलं आणि नळी उलटी करताच हातात पडलं. त्याहून किंचित आखूड करून त्याने ते मॅगझिनमध्ये घालून पाहिलं. मी माप सांगितलं, अठ्ठावीस पूर्णांक साठ. दयानंदने आकडा वहीत लिहिला आणि नमुना डबीत जपून ठेवला. पुढची काडतुसं त्याच्याशी ताडून भरायची होती.

जुलैत समुद्राकडून दमट वारा यायला लागला आणि माझ्या पाठीवर गंजाचे ठिपके उठले. दयानंद हळहळला. गावाहून आईने पाठवलेलं खोबरेल त्याने काढलं. घरी विळीला आणि कोयत्याला हेच लावतात. माझा काटा ज्यांच्यावर फिरतो त्या पाठीवरच्या बारीक दात्यांपर्यंत त्याने ते बोटाने चोळलं. इतक्या वर्षांत माझे एवढे लाड कोणी केले नव्हते. मी सुखावलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कसलीच शंका आली नाही.

खोलीत एसी अठरावर असायचा. खोबरेल थिजून पांढरं झालं आणि पितळेचा भुगा त्यात चिकटून बसला. दोन दिवसांनी दयानंदने मला उघडलं तेव्हा आत काहीतरी कचकन वाजलं. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

त्याने रिवाजाप्रमाणे आधी नमुना मोजला. माझा काटा अठ्ठावीस पूर्णांक नव्वदवर थांबला. नमुना वाढला होता! मला लगेच लोकेश आठवला. आदल्या शुक्रवारी तो ही डबी हाताळत होता. दयानंदच्याही मनात तेच आलं. "त्या पोराने गोळी ओढली वाटतं," तो पुटपुटला. माझ्याकडे बघून म्हणाला, "माझा कॅलिपर खोटं बोलायचा नाही." अभिमानाने माझे जबडे घट्ट झाले.

माझ्या काट्यावर भरवसा ठेवून त्याने पन्नास काडतुसं भरली. प्रत्येकाला मी अठ्ठावीस पूर्णांक साठ सांगितलं. क्लबाची नेमबाज हाफिजा दारात उभीच होती. पुढच्या आठवड्यात तिची निवड चाचणी होती.

"दया भाई, यल्ला, खलास हुआ?" अशी झालं का म्हणून घाई करत तिने डबा घेतला आणि ती मैदानाकडे गेली.

पाच मिनिटांत लोकेश आला. दयानंदने त्याला फैलावर घेतलं. नमुन्याला हात का लावलास, म्हणून विचारलं. मी मनात म्हटलं, बरं झालं.

"काका, मी डबी फक्त पुसली," लोकेश म्हणाला. "नमुना वाढला की आकडा वाढला? जबडे मिटून झिरो बघा ना एकदा."

दयानंदने माझे जबडे मिटले. मध्ये काहीही नव्हतं, तरी माझा काटा शून्याच्या पुढे तीस रेघांवर उभा होता. थिजलेल्या तेलातल्या भुग्याने माझा काटा दाता चुकला होता. म्हणजे मी अठ्ठावीस पूर्णांक साठ म्हणत होतो तेव्हा काडतूस खरं अठ्ठावीस पूर्णांक तीस होतं, तेवढं आखूड. पन्नासच्या पन्नास.

दयानंद मला हातात घेऊनच धावला. हाफिजाने कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले होते, पिस्तूल भरलेलं होतं. दुरून हाका मारून तिला काही ऐकू गेलं नसतं. लोकेशने गोळीबार थांबवायचं भिंतीवरचं लाल बटण दाबलं आणि मैदानावरचा लाल दिवा लागला. तिने पिस्तूल खाली ठेवलं. एकही गोळी सुटली नव्हती.

दयानंदने सगळं कबूल केलं. हाफिजाने आपला उजवा हात उघडून एकवार पाहिला. "हाथ मेरा था, दया भाई," एवढंच ती म्हणाली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या पन्नास काडतुसांच्या गोळ्या दयानंद आणि लोकेशने एकेक करून काढल्या. मग लोकेशने मला ब्रशने साफ केलं, दाता जागेवर आणला आणि यंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब दिला. ज्याच्यावर मी महिनाभर संशय घेतला, त्याच्याच हातून मी बरा झालो.

मित्रांनो, हत्यारांवर माया जरूर करा, पण त्यांना काय सोसतं ते आधी विचारून घ्या. आणि मला हातात घ्याल तेव्हा दुसऱ्या कोणावर संशय घेण्याआधी माझ्यावर घ्या. मी जगभर शंका घेत फिरलो, फक्त स्वतःला वगळून.

आता हाफिजा दर वेळी आधी खोलीत येते. काडतुसांच्या डब्याला हात न लावता ती मला उचलते, माझे जबडे मिटते आणि काटा बघते. काटा शून्यावर असला तरच डबा घेते. मला तिचा राग येत नाही. दयानंद तेवढा वेळ मान खाली घालून उभा असतो.