आठ वाजायच्या आतला फोटो

मी भाविकाचा छोटा कॅमेरा बोलतोय. मुठीत मावतो म्हणून मला खेळणं समजू नका. पहिल्या मालकाने माझ्याकडून दोन लग्नं आणि एक बारसं उरकून घेतलं आणि मला कपाटात टाकलं. नंतर भाविकाने मला जुन्या वस्तूंच्या दुकानातून उचललं, ते थंडीतलं धुकं टिपायला. मोबाइलमध्ये धुकं नुसतं मळकट येतं, अशी तिची तक्रार होती.

तिच्या आजीचं, हौसाबाईंचं, पूर्णा गावात शेत होतं. भोवती सगळीकडे गोदामं उभी राहिली, आता याची पाळी होती. सोमवारी सकाळी आठला भरावाचा पहिला डंपर येणार होता. जमीन देताना हौसाबाईंनी नातीकडे एवढंच मागितलं, "मना या शेताचा एक फोटू पायजे. वाल फुललाय तवर काढ."

आठवडाभर भाविका मला रोज सकाळी वापरून बघत होती. कधी धुकं जास्त, कधी माझा नेम चुकलेला. एकही फोटो तिच्या मनास येईना. त्यात दवाने मी ओलावलो.

"तांदलात ठेव, ओल न्हाय राहात," हौसाबाई म्हणाल्या.

रविवारी मला घरच्या तांदळात पुरलं. ओल गेली, पण तांदळाची भुकटी माझ्या भिंगाच्या फटीत शिरली.

सोमवारी सात चाळीसला भाविकाने बटण दाबलं. भिंग अर्धं बाहेर आलं, करकरलं आणि अडकलं. मी जीव खाऊन जोर लावला. तिने बंद केलं, चालू केलं, फुंकर मारली, तळहातावर आपटलं. रस्त्यावर डंपर वळल्याचा आवाज आला आणि मला माझीच लाज वाटली.

शेवटी भिंग सुटलं. समोर धुक्यात वालाची फुलं ओली दिसत होती. हौसाबाई पदर सारखा करून मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"आजी, बाजूला हो ना! नुसतं शेत येऊ दे."

"बरं बाय," म्हणत त्या माझ्या उजवीकडे सरकल्या.

तेवढा एक फोटो निघाला. दुसऱ्यासाठी तिने बटण दाबलं, तर भिंग पुन्हा अडकलं.

"मॅडम, हटो! गाडी खाली करनी है," ड्रायव्हर ओरडला. वालावर मातीचा पहिला ढीग पडला.

भाविकाने माझा पडदा आजीपुढे धरला. फोटो सुंदर होता, खोटं कशाला बोलू? हौसाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं.

"झ्याक हाय. आन मी कुठं हाय?"

भाविकाला रडू फुटलं.

आता मी तिच्या टेबलावर अर्धं भिंग बाहेर काढून पडून आहे. माझे सुटे भाग मिळत नाहीत म्हणे. पण माझा कुणी भाऊबंद तुमच्या हातात असेल, तर एवढं ऐका. समोर कुणी आपणहून येऊन उभं राहिलं, तर त्याला बाजूला हो म्हणू नका.

फोटो आता भिंतीवर आहे. घरी कुणी आलं की हौसाबाई कौतुकाने शेत दाखवतात. मग चौकटीच्या उजवीकडे, कोऱ्या भिंतीवर बोट ठेवून म्हणतात, "आन मी हितं हाय."