गुलाबाच्या डब्यातली बिनवासाची माती

मित्रांनो, मी एक जुना पावडरचा डबा आहे. पत्र्याचा, गोल, खांद्याशी जरा चेपलेला. माझ्या अंगावर गुलाबाचं फूल छापलेलं आहे. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी स्वतःही ठेवत नाही.

कारण माझा जन्मच थापेतला. कारखान्यात पत्रा वाकवला, डोक्यावर भोकांचं फिरतं झाकण बसवलं, आणि आत काही भरायच्या आधीच बाहेर गुलाब छापून टाकला. पुढे जी पावडर भरली तिने गुलाबाचं झाड कधी पाहिलं नव्हतं, वास तेवढा होता. तेव्हापासून मला खोड लागली. समोर कुणीही आलं की मी मनात म्हणतो, बाहेर हे दिसतंय, मग आत काय असेल? उदगीरच्या एकाच घरात मी बरीच वर्षं काढली, पण ही खोड सुटली नाही. माणसांनीच सुटू दिली नाही.

मला आणलं बसवंतअण्णांनी. ते मोंढ्यात धान्य पारखायचे. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, दाणा दाताखाली फोडायचे आणि व्यापाऱ्याच्या तोंडावर सांगायचे, "वर चांगला हाय, खाली भिजलेला हाय." माझा आवडता माणूस. दुपारी घरी आले की आंघोळ करून मानेवर माझी पावडर. मग त्यांची बायको, शांतम्मा, दारातूनच टोमणा मारायची, "काय हो, लग्नाला निघालाव का?" अण्णा माझं झाकण फिरवत म्हणायचे, "हाव. येतीस का?" माझ्या आयुष्यातलं कौतुक ते एवढंच.

अण्णा वारले. माझ्या बुडाशी चिमूटभर पावडर उरली होती, ती तशीच राहिली. शांतम्मांनी मला आपल्या खोलीतल्या फडताळात वरच्या फळीवर ठेवलं, आणि तिथे मी अकरा वर्षं काढली. महिन्या-दोन महिन्यांनी त्या मला खाली घ्यायच्या, झाकण फिरवून वास घ्यायच्या आणि परत ठेवायच्या. आधी कुणी बघत नाही ना, ते बघायच्या. मी बघत होतो, पण डब्याला कोण मोजतं?

फळीवरून मला शांतम्मांची बाज दिसायची. शिसवी पाय, रुंद नवार. शिरूर अनंतपाळच्या माहेराहून लग्नात आलेली. अडतीस वर्षं त्या तिच्यावरच झोपत आल्या. लेकाने, वीरेशने, गादीचा पलंग घेऊ म्हटलं की त्या एकच विचारायच्या, "बाजेनं तुझं काय घेतलंय?"

अशा घरात दिवाळीनंतर ढेकूण निघाले.

तो शब्द पहिल्यांदा काढला सुनेने, मंजुश्रीने. ती चारच दिवसांपूर्वी नांदेडला माहेरी जाऊन आली होती. शांतम्मांनी चहाची बशी खाली ठेवली. "आमच्या घरात? ढेकूण? एवढ्या वर्षांत न्हाई निघाला. निघाला असंल तर नांदेडच्या पिशवीतून निघाला." त्या दिवसापासून त्या घरात ढेकूण होते, पण ढेकूण हा शब्द नव्हता. सगळे खाजवायचे आणि डासांना शिव्या द्यायचे.

मग एका दुपारी, शांतम्मा शेजारच्या सिंधूकडे गेल्या असताना, वीरेश आणि मंजुश्री खोलीत आले. वीरेशने बाजेच्या पायावर टिचकी मारली. "ह्याच्यातच घर केलंय त्यांनी. जुन्या लाकडात असतेतच. भंगारवाल्या भीमाला सांगितलंय, पुढच्या रविवारी बाज न्यायला गाडा घेऊन येतो म्हणला. अव्वाला आधी सांगू नको, बोंब मारंल."

"त्यांच्या जिवाची हाय ती बाज," मंजुश्री म्हणाली. "रविवारला दहा दिवस हायेत. मला बघू द्या तरी."

"बघ. रविवारी गाडा येणार म्हणजे येणार."

दुसऱ्या दिवशी ती बाजारातून एक पुडी घेऊन आली. बारीक, पांढरी, बिनवासाची पावडर. पुडीवरचं ती पुटपुटत वाचत होती: फार फार पूर्वी पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव होते, त्यांच्या कवचांची ही माती. हिच्यात जालीम विष नाही. सरपटणारा किडा हिच्यावरून चालला की त्याच्या अंगावरचं तेलकट आवरण खरवडतं आणि तो वाळून मरतो. एका दिवसात नव्हे, बरेच दिवस लागतात. ऐकून मला पहिल्यांदा वाटलं ते असं, ही पुडीसुद्धा गुलाबच छापून आली असेल. माती म्हणे किडे मारते!

माती फटीत बारीक उडवायला भोकांचं काहीतरी हवं होतं. मंजुश्रीने इकडे तिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. तिने मला उघडलं, बुडाशी जे होतं ते खिडकीबाहेर झटकलं, कोरड्या फडक्याने पुसलं आणि माती भरली. कुणाला विचारलं नाही. रिकामा डबा, त्यात विचारायचं काय? अकरा वर्षं जपलेली चिमूट तिला दिसलीच नाही.

आता हिशेब ऐका. पहिल्या दिवशी मंजुश्रीने बाजेच्या चार पायांशी चार ढिगल्या घातल्या. ते चुकलं. ढीग दिसला की ढेकूण वळसा घालून जातो, तो काही आंधळा नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने रीत बदलली. पुडीवर लिहिल्याप्रमाणे नाकातोंडाला ओढणी बांधून, फटींत आणि पायांभोवती अगदी पातळ थर. काम झालं की मला पुन्हा त्याच फळीवर, गुलाब पुढे करून.

आणि शांतम्मा? त्यांनी ढिगल्या पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या. त्यांनी सिंधूला बोलावून दाखवल्या. सिंधू दारातूनच मागे सरली.

"काकू, चार पायाला चार ढिगल्या? मी काही म्हणत न्हाई. पण आमच्या मावशीच्या गावात असंच झालं व्हतं."

"काय झालं व्हतं?"

"माझं तोंड नका उघडायला लावू. भानामती म्हणलं की तुम्ही मलाच नावं ठेवाल."

म्हणाली नाही आणि म्हणूनही गेली. लोकांची ही कला मी फळीवरून पुष्कळदा पाहिली आहे. सिंधू गेल्यावर शांतम्मांनी ओलं फडकं घेतलं आणि सगळं पुसून काढलं. दुसऱ्या दिवशीही पुसलं. सून टाकायची, सासू पुसायची. ओली झाली की ती माती कुचकामी होते. सहा वेळा टाकलं, सहा वेळा पुसलं. दोघी एकमेकींकडे बघून चहा प्यायच्या आणि तोंडातून अक्षर काढायच्या नाहीत. त्या आठवड्यात फायदा झाला तो फक्त ढेकणांचा.

शुक्रवारी दुपारी शांतम्मांनी वास घ्यायला मला खाली काढलं. मी जड लागलो. त्यांनी मला कानाशी हलवलं. झाकण फिरवलं, नाक जवळ नेलं. वास नाही. त्या कितीतरी वेळ माझ्या गुलाबाकडे बघत राहिल्या. मग मला होतो तसं ठेवलं, बाजेवर आडव्या झाल्या आणि डोळे मिटून घोरायला लागल्या. अडतीस वर्षांत त्या इतक्या मोठ्याने कधी घोरल्या नव्हत्या. पण मंजुश्री फसली. ती ओढणी बांधून आली, मला उचललं, वाकली, आणि तिचं मनगट धरलं गेलं.

"काय टाकून राहिलीस माझ्या बाजेखाली? चोरासारखं तोंड बांधून?"

"पावडर हाय, आत्याबाई."

"पावडर मानेला लावतेत. बाजेला कोण लावतंय?"

मंजुश्रीने ओढणी सोडली. "ढेकणाची हाय. रागवा, पण ऐकून घ्या. परवा रविवारी भीमा गाडा घेऊन येणार हाय. बाज न्यायला. ह्यांनीच सांगितलंय त्याला. ढेकूण गेले तर बाज राहील, म्हणून करून राहिले."

शांतम्मांचा हात सैल झाला. ज्याच्यावर त्यांचा कधीच संशय नव्हता त्याचं नाव निघालं होतं, आणि जिच्यावर होता ती त्यांच्याच बाजेखाली गुडघे टेकून बसली होती.

"आणि मी रोज पुसून काढत व्हते," त्या हळूच म्हणाल्या.

"तुम्ही पुसत होतात? मी म्हणत होते, पुडीवालाच लबाड निघाला!"

शांतम्मा हसल्या नाहीत. त्यांनी मला तिच्या हातातून घेतलं. "ह्याच्यात चिमूटभर पावडर व्हती."

"ती... झटकून टाकली."

"विचारलं व्हतंस?"

"न्हाई. चुकलं माझं."

मग शांतम्मांनी तळहातावर थोडी माती घेतली, दोन बोटांत चोळली. "राखेसारखी लागतीय. माझी माय मुगाला राख चोळायची, किडा लागत नसे." त्यांनी हात झटकला. "टाक. पण खरं-खोटं बघायचं तर एका बाजेनं न्हाई कळत. घरात जेवढं लाकूड हाय तेवढ्याखाली टाक, आणि प्रत्येकाखाली पांढरा कागद घाल. मी रोज मोजणार."

अण्णांची बायको होती शेवटी. पोतं खालपर्यंत तपासल्याशिवाय सोडणार नव्हती.

रविवारी भीमा आला तेव्हा त्या बाजेवर मांडी घालून बसल्या होत्या. "दोन आठवड्यांनी ये," त्यांनी सांगितलं. वीरेश मंजुश्रीकडे बघू लागला, तशा म्हणाल्या, "तिच्याकडं काय बघतूस? मला तोंड हाय."

दोन आठवडे ओलं फडकं बंद. रोज सकाळी शांतम्मा चष्मा लावून कागद तपासायच्या आणि वाळलेले ढेकूण काडीने मोजायच्या. पहिले चार दिवस जवळजवळ काही नाही. माझा संशय वाढत चालला होता. मग एक, मग तीन, मग रोजच.

भीमाचा गाडा पुन्हा दारात लागला तेव्हा त्यांनी वीरेशला बोलावून कागद पसरले. दिवाण, दोन. बाज, अकरा. आणि तिसरा कागद, बैठकीतल्या सोफ्याखालचा. त्यावर मोजणी छप्पन्नपर्यंत होती, पुढे त्यांनी नाद सोडला होता. तो तांबड्या मखमलीचा सोफा वीरेशने दिवाळीत नांदेडहून आणला होता, बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून, जुना असूनही नव्यासारखा. आल्यागेल्याला वीरेश त्याच्यावर हात फिरवून दाखवायचा.

म्हणजे शांतम्मांचं अर्धं बरोबर होतं. गाव बरोबर, पिशवी चूक.

"साहेब काही बोलला न्हाई," वीरेश एवढंच म्हणाला.

"मखमल बोलत नसती," शांतम्मा म्हणाल्या, आणि दाराकडे हाक मारली, "भीमा! गाडा आतपर्यंत आण. सोफा मोठा हाय."

पण तो तसाच दिला नाही. मंजुश्रीने त्याच्या फटी मातीने भरल्या, प्लॅस्टिकमध्ये बांधला आणि भीमाला स्वच्छ सांगितलं, आत ढेकूण आहेत, कुणाच्या घरात देऊ नको. साहेबाने जे एक वाक्य गिळलं होतं ते तिने बोलून टाकलं. बाजेत अजून एखादा निघतो. थर पुन्हा द्यावा लागतो. ही माती जादू करत नाही, चिकाटी धरते.

मित्रांनो, माझ्या गुलाबावर आता पट्टी चिकटवली आहे. शांतम्मांनी स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलंय: "ढेकणाची माती. लावायची न्हाई, खायची न्हाई, हुंगायची न्हाई." पाहुणे वाचतील, म्हणून वीरेश कुरकुरला. "वाचू देत, त्यांच्या घरी पण असतील," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बाहेर तेच लिहिलंय जे आत आहे. तुम्हीही डब्यात काही भरलंत तर त्याचं खरं नाव वर लिहा. आणि डबा दुसऱ्याचा असेल तर रिकामा दिसला तरी आधी विचारा.

परवा मंजुश्रीने फळीवर, माझ्यापासून हातभर लांब, एक नवा डबा आणून ठेवला. तोच गुलाब, तेच फिरतं झाकण. शांतम्मांनी तो उचलून हलवला आणि सुनेकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"आत काय हाय?"

"वास घेऊन बघा."

त्यांनी झाकण फिरवलं. ह्या वेळी कुणी बघतंय का, ते पाहिलं नाही. नाक जवळ नेलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"गुलाब न्हाई," त्या म्हणाल्या. "पण वास तोच हाय."